ट्रॅव्हल ट्रेलरचे टायर: नक्षी नवी दिसते, पण भरवसा किती?

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. नुकताच २०१९चा, दोन ॲक्सलचा २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) वापरलेला घेतला. टायर ट्रेलरबरोबर आलेलेच आहेत, एसटी२०५/७५आर१४ मापाचे, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) सी. टायरवरचा कोड आणि ट्रेलरच्या वजनाच्या स्टिकरचा फोटो सोबत पाठवलाय. नक्षी जवळजवळ नव्यासारखी. ओळखीतले काही जण म्हणतात हे ‘चायना बॉम्ब’, म्हणजे कधीही फुटणारे चिनी टायर आहेत, आजच काढा. विकणारा म्हणाला, अजून तीन-चार वर्षं बघायला नको. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जायचंय. टायर बदलू का, आणि कुठल्या कंपनीचे घेऊ?

उत्तर:

बदला. स्टेपनीसकट पाचही बदला. कंपनीचा विचार शेवटी करू, कारण तुमच्या बाबतीत त्याआधीच दोन गोष्टी बिघडलेल्या आहेत: टायरचं वय आणि त्यांच्यावर पडणारा भार.

मी टायर उद्योगात काम केलंय. फाटून परत आलेले टायर कापून, ते कशाने गेले हे शोधणं हा त्या कामाचा मोठा भाग होता. नंतर स्वतः ट्रेलर ओढायला लागलो. त्या अनुभवावरून सांगतो, ट्रेलरचा टायर गोटा होऊन निकामी झालेला क्वचितच दिसतो. तो चांगल्या नक्षीसह मरतो. म्हणून विकणाऱ्याने नक्षी दाखवली तेव्हा त्याने तुम्हाला खोटं काही सांगितलं नाही, फक्त उपयोगाचं काही सांगितलं नाही.

आधी वय. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ने सुरू होणारा कोड असतो. त्याचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. तुम्ही कळवलेला कोड १८१९वर संपतो, म्हणजे टायर २०१९च्या अठराव्या आठवड्यात, मेच्या सुरुवातीला बनला. पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते; टॉर्च घेऊन खाली वाकूनच पाचही टायर वाचा. एखादा मध्येच बदललेला असेल तर तोही कळेल, आणि तो का बदलावा लागला हे विकणाऱ्याला विचारता येईल.

मोटारीचा टायर रोज फिरतो आणि म्हातारा होण्याआधी झिजतो. ट्रेलर वर्षातले थोडे दिवस धावतो, बाकीचे महिने एका जागी, एकाच ठिकाणी दबून, उन्हात उभा असतो. रबरात ओझोनपासून बचाव करणारी रसायनं घातलेली असतात. टायर फिरताना चेपतो-सुटतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरमध्ये ते नीट होत नाही आणि भिंतीला बारीक तडे पडतात. पण दिसणाऱ्या तड्यांपेक्षा घातक गोष्ट आत चाललेली असते. आतल्या हवेतला ऑक्सिजन रबरातून हळूहळू झिरपतो आणि नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या कडांजवळचं रबर कडक करत नेतो. उष्णतेत हे सगळं वेगाने होतं, आणि ह्यूस्टनचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. टेक्सास, ॲरिझोनासारख्या ठिकाणी मी पाच वर्षांपुढे ट्रेलरचा टायर ठेवत नाही. थंड प्रदेशात, सावलीत ठेवलेला असेल तर सहा. तुमचे दोन्ही मर्यादा ओलांडून गेलेत.

आता भार. तुमच्या स्टिकरच्या फोटोत ट्रेलरचं कमाल वजन ७,६०० पौंड आणि दर ॲक्सलची क्षमता ३,५०० पौंड दिसते. दोन ॲक्सलचे झाले ७,०००. तुमच्या मापाचा लोड रेंज सी टायर ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, चौरस इंचाला पौंड) हवेला १,७६० पौंड पेलतो. चार टायरचे ७,०४०. ॲक्सल आणि टायर यांच्यात सगळं मिळून ४० पौंडांचा फरक! सरकारी नियमाच्या दृष्टीने बनवणाऱ्याचं काही चुकलं नाही. पण मी असा टायर माझ्या ट्रेलरला लावणार नाही.

तुम्ही म्हणाल, पूर्ण वजन ॲक्सलवर कुठे येतं, काही भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जोडावर जातो. बरोबर. पूर्ण भरलेल्या ट्रेलरचा १२ टक्के भार हिचवर धरला तर टायरवर साधारण ६,६९० पौंड उरतात. कागदावर साडेतीनशे पौंड वाचले. पण ट्रेलर दोन्ही बाजूंना सारखा जड नसतो. सरकती खोली, ओटा, फ्रिज ज्या बाजूला, ती बाजू भारी. समजा एका बाजूला ३,५०० आणि दुसरीकडे ३,१९० असे पडले. त्या जड बाजूच्या दोन टायरची एकत्र ताकद ३,५२० आहे. संपली शिल्लक. त्यातून हवा १० ने उतरून ४० वर आली, तर त्याच टायरची ताकद १,५३० पौंडांवर येते, दोघांची ३,०६०. म्हणजे साधी, डोळ्यांना न दिसणारी हवा कमी झाली की त्या बाजूचे टायर ४४० पौंड जादा भार घेऊन धावतात. टायर चपटा झालेला दिसत नाही, गाडीला ओढ जाणवत नाही. आतली उष्णता तेवढी वाढत जाते.

म्हणून पहिला खर्च टायरवर नको, वजनकाट्यावर करा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. गाडीची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळ्या पाटांवर येतील असं उभं राहायचं. तीन आकड्यांची पावती मिळते. सहलीला निघताना जसा भराल तसाच भरून न्या, रिकामा नेऊन उपयोग नाही. आपल्या लोकांच्या ट्रेलरमध्ये तांदळाचं पोतं, दोन कुकर, आई-बाबांच्या बॅगा आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेलं बरंच काही असतं. त्यात पाण्याची टाकी भरून निघायची सवय. ४० गॅलन पाणी ३३० पौंडांच्या वर जातं. वाटेतल्या कॅम्पग्राउंडवर नळ असणार आहे तर टाकीत हात धुण्यापुरतं ठेवा आणि तिथे पोचल्यावर भरा. एवढ्याने जेवढा दिलासा टायरला मिळतो तेवढा कुठल्याही महागड्या ब्रँडने मिळत नाही.

‘चायना बॉम्ब’ हे नाव हवेतून आलेलं नाही. वाईट टायर बाजारात होते, आजही आहेत. पण माझ्यासमोर आलेल्या टायरांत दोष बनावटीचाच, असं खात्रीने म्हणता येईल असे कमी होते. कमी हवेवर धावल्याच्या खुणा असलेले कितीतरी जास्त. भिंतीच्या आतल्या बाजूला गोल फिरलेला काळसर, सुरकुतलेला पट्टा दिसतो. तो दिसला की तो टायर पूर्वी केव्हातरी हवेविना तळला गेलाय हे कळतं. मालक शपथेवर सांगतो की हवा बरोबर होती. फुटायच्या दिवशी असेलही. नुकसान आधीच्या सहलीत झालेलं असतं, फुटतो तो पुढच्या.

एसटी टायर मुळात कसा आहे तेही समजून घ्या. एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठीचा टायर. एकाच मापाचा एसटी टायर मोटारीच्या किंवा हलक्या ट्रकच्या टायरपेक्षा जास्त भार पेलतो असं छापलेलं असतं. उदाहरणार्थ एसटी२२५/७५आर१५, लोड रेंज ई, ८० पीएसआयला २,८३० पौंड. त्याहून मोठ्या रिमचा ट्रकचा एलटी२२५/७५आर१६, त्याच हवेला २,६८०. ही जादा ताकद फुकट आलेली नाही. ते आकडे बांधताना ताशी ६५ मैलांचा वेग गृहीत धरला गेला होता. हल्ली टायरवर एल, एम, एन अशी वेगाची अक्षरं येतात, म्हणजे ७५, ८१, ८७ मैल. याचा अर्थ लोक ‘८१ने चालवा’ असा घेतात. मी तो ‘६५ला जास्त दिवस टिकेल’ असा घेतो. आणखी एक गोष्ट: फोर्डच्या गाड्यांवरचे फायरस्टोन टायर फुटून अपघात झाले, त्या प्रकरणानंतर २०००मध्ये अमेरिकेत ट्रेड (TREAD) हा सुरक्षा कायदा आला आणि त्यातून मोटारींच्या टायरसाठी एफएमव्हीएसएस १३९ हे कडक सरकारी मानक आलं. एसटी टायर त्यातून वगळले गेले. ते ११९ या जुन्या मानकाखालीच राहिले. चांगले उत्पादक त्या किमान अटींच्या बरेच पुढे जातात, स्वस्तातले जात नाहीत.

दोन ॲक्सलच्या ट्रेलरचं स्वतःचं एक दुखणं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ट्रेलरची चाकं वळत नाहीत. पुढे-मागे जवळजवळ असलेले दोन ॲक्सल एका वळणावर एकाच वेळी योग्य दिशेला तोंड करू शकत नाहीत, त्यामुळे टायर आडवे घसटले जातात. कॅम्पग्राउंडच्या अरुंद जागेत रिव्हर्स घेताना बाजूला उभं राहून बघा: एका बाजूचे दोन टायर एकमेकांविरुद्ध पिळले गेलेले दिसतील. त्या पिळण्याचा ताण नक्षीखालच्या दोन पोलादी पट्ट्यांच्या मधल्या रबरावर, विशेषतः कडांवर पडतो. तिथे सूक्ष्म भेग पडते, प्रत्येक वळणाला थोडी वाढते आणि एके दिवशी गरम रस्त्यावर नक्षीचा पट्टा चपलेचा तळ सुटावा तसा सुटून येतो. टायर भले हवा धरून असेल, पण तो सुटलेला पट्टा चाकावरची पत्रा-प्लायवूडची कमान फोडतो, ब्रेकच्या वायरी तोडतो, कधी गॅसची नळी वाकवतो. टायरपेक्षा ही दुरुस्ती महाग पडते.

यावर पूर्ण इलाज नाही. ताण कमी करता येतो: जागच्या जागी कातरीसारखं वळवायचं टाळा, शक्य तिथे सरळ आत जाऊन सरळ बाहेर निघता येईल अशी साइट घ्या, आणि हवा भरपूर ठेवा, कारण हवा कमी असली की ही पिळवट वाढते. आणि ही भेग वेळेत पकडता येते. दर सहलीआधी ट्रेलर जॅकवर घेऊन एकेक चाक हाताने सावकाश फिरवा. नक्षीजवळ एखादी वस्तू स्थिर धरा, साधी लाकडी पट्टी चालेल, आणि फट सगळीकडे सारखी राहते का बघा. कुठे फुगवटा आला, चाक डुगडुगलं, किंवा नक्षीची एखादी रेघ नागमोडी गेली, तर पट्टे सुटायला लागलेत. असा टायर घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायलाही नको. याच वेळी चाक वर-खाली हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का तेही बघून घ्या. बेअरिंगला वर्षाकाठी ग्रीस हवंच. कोरडं बेअरिंग हबला तापवतं आणि ती उष्णता रिमवाटे टायरच्या कडेपर्यंत जाते.

जॅक लावताना ॲक्सलच्या नळीखाली लावू नका, ती वाकते. फ्रेमखाली लावा. वाकलेल्या ॲक्सलचा टायर एकाच कडेने झिजतो, आणि मग लोक टायरच्या कंपनीला शिव्या देतात.

हवेबद्दल. ट्रेलरला टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल थंड हवा भरा. मोटारीचा हिशोब इथे लावू नका. थंड म्हणजे सकाळी, ऊन लागण्याआधी, निदान तीन तास उभ्या असलेल्या ट्रेलरची. दुपारी पेट्रोल भरताना गेज लावाल तर (खाली सांगतोय त्या नव्या टायरची) ६५ची ७५ दिसेल; ती काढायची नाही. तापून वाढलेली हवा टायर बनवणाऱ्याने हिशोबात धरलेली असते. ती काढलीत की संध्याकाळी गार झाल्यावर टायर कमी हवेवर येतो आणि उद्याच्या फुटण्याची तयारी होते.

तुमच्या सहलीत हे नीट अनुभवाला येईल. ह्यूस्टन जवळजवळ समुद्रसपाटीला. यलोस्टोनमधला फिशिंग ब्रिजचा परिसर ७,७००च्या आसपास फूट उंच. उंचीमुळे गेजवर साडेतीनेक पीएसआय वाढलेले दिसतात, पण ह्यूस्टनला ९५ अंश फॅरनहाइटला भरलेली ६५ हवा तिथल्या ३५ अंश फॅरनहाइटच्या सकाळी आठेक पीएसआयने आक्रसते. हिशोब केलात तर गेजवर ६० दिसेल. गळती समजून घाबरू नका. तिथे पहाटे ६५ करा, आणि परतताना खालच्या गरम प्रदेशात एखाद्या सकाळी थंड टायरवर पुन्हा जुळवा. त्यासाठी स्वतःचा कॉम्प्रेसर बरोबर हवा. पेट्रोल पंपावरचे बरेच पंप एवढी हवा चढवताना दमतात, आणि तिथपर्यंत ट्रेलर ओढत नेईस्तोवर टायर थंड राहत नाही.

टीपीएमएस, म्हणजे टायरमधली हवा चालकाला दाखवणारी यंत्रणा, घ्याच. मोटारीत तो कायद्याने येतो, ट्रेलरला सक्ती नाही. ट्रेलरचा टायर हवा जाऊन बसला तर गाडी चालवणाऱ्याला लगेच कळत नाही. बाजूने जाणारा हात हलवून दाखवतो तोवर रिम रस्त्याला लागलेली असते. हवा आणि तापमान दोन्ही दाखवणारा घ्या. तापमानाच्या अलार्मवर फार विसंबू नका, व्हॉल्व्हच्या टोकावरचा सेन्सर बाहेरच्या वाऱ्यात असतो आणि आतल्या पट्ट्याचं खरं तापमान त्याला कळत नाही. त्याचा एक चांगला उपयोग मात्र आहे: चारांपैकी एकच टायर बाकीच्यांपेक्षा सतत गरम दिसत असेल तर तिथे ब्रेक घासतोय, बेअरिंग जातंय किंवा भार जास्त पडतोय.

आणि व्हॉल्व्ह! नवे टायर घालताना दुकानदार सवयीने साधे रबरी व्हॉल्व्ह बसवतो. त्यांची मर्यादा ६५ पीएसआय असते. तुम्ही मी खाली सांगतोय तो टायर घेतलात तर तुम्ही नेमके त्या काठावर असाल, वर सेन्सरचं वजन लटकणार. धातूचे, नटने आवळायचे व्हॉल्व्ह मागून घ्या. चार पैसे जास्त लागतील. दुकानदार ‘गरज नाही’ म्हणाला तरी घ्या.

आता खरेदी. त्याच मापाचा, एसटी२०५/७५आर१४, पण लोड रेंज डी घ्या. ६५ पीएसआयला तो २,०४० पौंड पेलतो, चार टायरचे ८,१६०. मघाच्या जड बाजूला ३,५२०ऐवजी ४,०८० मिळाले. ट्रेलर मात्र तेवढाच राहिला हे ध्यानात असू द्या. ॲक्सल अजूनही ३,५०० चेच आहेत, जादा सामान भरायची परवानगी मिळालेली नाही. आधी एक चाक काढून रिमच्या मागच्या बाजूला कोरलेला कमाल भार आणि हवा वाचा. रिमला ६५ चालत नसेल तर रिमही बदलावी लागेल. मोटारीचे टायर स्वस्तात मिळतात म्हणून लावायचा विचार कोणी सुचवला तर सोडून द्या. ट्रेलरवर त्यांची भारक्षमता १.१० ने भागून धरावी लागते आणि त्यांची भिंतही मऊ असते.

कंपनीचं म्हणाल तर गुडइयरने २०१७मध्ये अमेरिकेत बनवलेला एंड्युरन्स आणला, आणि त्याचं नाव चांगलं आहे. मॅक्सिस आणि कार्लाइलच्या वरच्या श्रेणीतल्या टायरांबद्दलही मला तक्रार नाही. यांपैकी तुमच्या मापात, डी रेंजमध्ये, अलीकडची तारीख असलेला जो मिळेल तो घ्या. तारीख दुकानात पैसे देण्याआधी बघा, चाकं बसल्यावर नव्हे. गोदामात दोन वर्षं पडलेला नामांकित टायर आणि चार महिन्यांपूर्वी बनलेला मध्यम नावाचा टायर यांत मी दुसरा घेईन.

चाकं बसवल्यावर नट टॉर्क रेंचने आवळा. अर्ध्या इंची स्टडला साधारण ९० ते १२० फूट-पौंड, तुमच्या ॲक्सलच्या पुस्तिकेत नेमका आकडा असेल. मग १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा. नवी चाकं बसतात तसे नट ढिले पडतात. हे टाळणारे पुष्कळ आहेत.

वेग ६० ते ६५. वाटेत ७५-८०च्या पाट्या लागतील, त्या तुमच्यासाठी नाहीत. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला ५५चीच मर्यादा आहे, आणि उजव्या लेनमधून ५५-६०ने जाणाऱ्यांचे टायर सहसा टिकतात. जूनमध्ये टेक्सासचा टप्पा पहाटे लवकर निघून दुपारपर्यंत उरका.

परत आल्यावर साठवण: टायर स्वच्छ धुवा, पेट्रोलियमचा चकाकी देणारा द्रव लावू नका, कमाल हवा भरा, पांढरी कव्हरं घाला, चाकांखाली लाकडी फळी ठेवा. महिन्या-दीड महिन्याने थोडा पुढे-मागे हलवलात तर उत्तम.

एवढं करूनही टायर फुटलाच, तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग घट्ट, सरळ, ॲक्सिलरेटर हळू सोडत कडेला घ्या. ओढत असताना ट्रेलर डोलायला लागला तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने हलका द्या. स्टेपनी लावून पुढच्या गावापर्यंत सावकाश जा आणि तिथे दोन टायर घ्या: फुटलेल्याच्या जागी एक, आणि त्याच बाजूच्या दुसऱ्या ॲक्सलवरच्या टायरच्या जागी एक. पहिला फुटल्यापासून तुम्ही थांबेपर्यंत त्या दुसऱ्याने दोघांचा भार वाहिलेला असतो, बाहेरून कितीही धड दिसला तरी.

रस्त्यावरच्या मदतीचं सदस्यत्व तुमच्याकडे असेलच. ते फक्त गाडीचं आहे की ट्रेलरचंही, हे निघण्याआधी फोन करून विचारा. बऱ्याच साध्या योजनांत ट्रेलर धरलेला नसतो, आरव्हीची (फिरत्या घरांची) योजना वेगळी घ्यावी लागते.